पहिलं बाळंतपण, आडवळणाचं गाव, मधे नाला: कळा खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं, अन् निघायचं कधी?

घाटंजीची_लेक

नमस्कार. माझं सासर हिंगणघाटचं अन् माहेर घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात. पहिलीच वेळ, म्हणून ओटीभरण झाल्यावर आईनं इकडं आणलं. आता 38 वा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीत सिस्टर म्हणाल्या, बाळाचं डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे.

काही दिवसांपासून संध्याकाळ झाली की पोट टणक होऊन राहिलं. थोडा वेळ तसंच राहतं, मग सैल पडतं. दुखत फार नाही, पण कंबर भरून येते. लघवीला सारखं जावं लागतं. छातीवरचा भार मात्र हलका झाला, दोन घास जास्त जातात. आजी बघून म्हणते, "पोट उतरलं वं माय, आता काही खरं नाही." आई म्हणते, उगाच दवाखान्यात गेलो अन् परत पाठवलं तर लोक काय म्हणतील. जाऊबाई फोनवर सांगतात, पाणी गेल्याशिवाय हलू नको. शेजारच्या काकूंनी एरंडेल आणून ठेवलं आहे, "घे, मोकळी होशील" म्हणून.

गावाबाहेर नाला आहे, त्यावर ठेंगणा रपटा. वरच्या अंगाला पाऊस झाला की रपट्यावरून पाणी जातं आणि रस्ता बंद. कधी दोन तास, कधी रात्रभर. आरोग्य केंद्र नाल्याच्या पलीकडे आहे आणि तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय त्याच्याही पुढं.

चौघींचं चार तऱ्हेचं ऐकून डोकं भणभणलं. खऱ्या कळा कशा असतात? पाणी गेलं हे कळतं कसं? अन् निघायचं नेमकं कधी? ज्यांनी अनुभवलं आहे किंवा ज्या हे काम करतात त्यांनी सांगावं.

मूर्तिजापूरची_ताई

माझं सांगते. मला पोटात दुखलंच नाही आधी. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, मासिक पाळीत दुखतं तसं सुरू झालं पहाटे. मी समजले जास्त वाकून काम झालं. गरम पाण्यानं शेकलं, झोपले, तरी येतच होतं. दुपारपर्यंत तेच दुखणं मागून पुढं ओटीपोटात यायला लागलं अन् आलं की बोलणं बंद. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, चल. रात्री मुलगी झाली. पाणी माझं दवाखान्यातच गेलं, टेबलावर. त्यामुळं पाणी जायची वाट बघत घरी बसू नकोस.

निवृत्त_सिस्टर_यवतमाळ

पोरी, मी एएनएम, म्हणजे गावोगावची सरकारी नर्स होते. सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत आणि आरोग्य केंद्रांत गेली, बरीचशी तुझ्यासारख्याच नाल्यापलीकडच्या गावांत. सविस्तर लिहिते. आईला अन् आजीला वाचून दाखव.

तुझी आजी बरोबर बोलते. बाळाचं डोकं खाली ओटीत बसलं की पोट उतरल्यासारखं दिसतं, श्वास मोकळा होतो, जेवण जातं, आणि मूत्राशयावर दाब येऊन लघवी वाढते. पण पहिलटकरणीत हे कळांच्या दोन-तीन आठवडे आधीही होतं. म्हणजे तयारी चालू झाली, आज रात्रीच होईल असं नाही. तारखेचंही तसंच. कार्डावर लिहिलेल्या नेमक्या तारखेला शंभरात चार-पाच बायाच बाळंत होतात. 37 आठवडे पूर्ण झाले की बाळ पुऱ्या दिवसांचं, त्यानंतर कधीही होऊ शकतं. 41 आठवडे होऊनही कळा नाहीत तर घरी थांबायचं नाही, दाखवायचं.

आता तुझं संध्याकाळचं पोट टणक होणं. तू लिहिलं त्यावरून या सरावाच्या कळा वाटतात, ज्यांना आपण खोट्या कळा म्हणतो. दिवसभर उभं राहणं झालं, पाणी कमी प्यालं, लघवी तुंबवून धरली की त्या जास्त येतात. ओळखायचं असं: लघवीला जाऊन ये, दोन ग्लास पाणी पी, डाव्या कुशीवर तासभर पड. खोट्या असतील तर विरत जातात, किंवा आल्या तरी कधी दहा मिनिटांनी, कधी चाळीस मिनिटांनी, अशा मनाला येईल तशा. पोटाच्या पुढच्या भागातच जाणवतात आणि जोर वाढत नाही. खरी कळ पडल्यानं थांबत नाही, चालल्यानंही थांबत नाही. बहुतेकींना ती कंबरेतून उठते आणि पुढं ओटीपोटात उतरते. दर खेपेला आधीपेक्षा थोडी जास्त, थोडी लांब, थोडी जवळ.

जोर कसा बघायचा ते आईला शिकव, कारण कळ आली की तुला स्वतःला काही सुचणार नाही. आईनं तळहात बेंबीच्या वर सपाट ठेवायचा, दाबायचा नाही. कळ भरात असताना बोटाची टोकं हलकेच टेकवून बघायचं. पोट नाकाच्या शेंड्यासारखं दबत असेल तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं, बोट जराही आत जात नाही, तर जोराची. आम्ही नव्या मुलींना हेच शिकवायचो आणि गावातल्या बायांना हे एकदा दाखवलं की पक्कं बसायचं. मोबाईलचं घड्याळ बघून कागदावर लिहीत जायचं: कळ कधी सुरू झाली, किती सेकंद राहिली. मोजायचं एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पुष्कळ जणी कळ संपल्यापासून मोजतात आणि मग आकडा चुकतो. तो कागद दवाखान्यात सोबत न्या. ड्युटीवरच्या सिस्टरला त्याचा खूप उपयोग होतो.

चिकट स्राव. गर्भपिशवीच्या तोंडाशी नऊ महिने एक घट्ट बुच असतं. तोंड मऊ पडून उघडायला लागलं की ते सुटून येतं. तार सुटेल असं चिकट, गुलाबी किंवा तपकिरी, रक्ताच्या रेषा असलेलं. हे दिसलं की कळा जवळ आल्या असं धरायचं, पण कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी. फक्त एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही, बॅग मात्र दाराशी आणून ठेवायची. पण लाल भडक रक्त, पाळीसारखं वाहणारं, कापड भिजवणारं, ते वेगळं. मग दुखत असो वा नसो, लगेच गाडी. काही वेळा वार (नाळ जिला जोडलेली असते ती) गर्भपिशवीच्या तोंडाशी खाली असते आणि रक्त अजिबात न दुखता जातं. म्हणून "दुखत नाही ना, मग थांबू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नको.

पाण्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. सगळ्यांना वाटतं पाणमोट फुटली म्हणजे भळकन पाणी येणार, जमीन भिजणार. येतं कधी कधी तसं. पण पाणमोट वरच्या बाजूला चिरली तर थेंब थेंब झिरपतं, आणि बाईला वाटतं भार आला म्हणून लघवी सुटून राहिली. कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईला आमच्याकडं आणलं होतं, अंगात ताप भरल्यावर. सासू म्हणाली, "कालपासून लुगडं ओलं करून राहिली, आम्हाले वाटलं लघवी." मी अंगावरचं कापड मागून घेतलं. लघवीचा उग्र वास नव्हता. ओलाव्याच्या कडेला फिकट हिरवा डाग होता. म्हणजे पाणी कधीचं जात होतं आणि बाळानं आत शी केली होती. तिला तशीच यवतमाळला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवली. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, पेटीत ठेवावं लागलं, पण जगलं. पाणी जायला लागल्यावर त्याच तासाला निघाले असते तर त्या लेकराला एवढं सोसावं लागलं नसतं.

म्हणून ओलं वाटलं की असं कर. लघवी करून घे. धुतलेलं, वाळलेलं, पांढरं सुती कापड घडी करून लाव. अर्धा तास आडवी पड, मग उठून उभी राहा. उभं राहताच कापडावर पाणी उतरलं आणि ते रोखून धरता येत नसेल तर ते गर्भजल. लघवी रोखता येते, हे रोखता येत नाही. रंग बघ: पाण्यासारखं किंवा दुधट असेल तर ठीक. हिरवं, पिवळं, काळपट असेल किंवा घाण वास येत असेल तर घाईनं. पण दोन्ही वेळी निघायचंच, कळा असोत नसोत, आणि शंका राहिली तरी निघायचं. पाणमोट फुटली की आत जंतू जायची वाट उघडते. तास जसे जातात तसा धोका वाढतो. 18 तासांच्या वर गेलं तर दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू करतात. ज्यांचं बाळ आडवं किंवा पायाळू आहे, किंवा डोकं अजून वर तरंगतं आहे, त्यांचं पाणी गेलं तर पाण्यासोबत नाळ खाली घसरू शकते, त्यांनी तर एक मिनिट दवडायचा नाही.

आता निघायचं कधी. पुस्तकातला नियम असा की कळा दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तासभर असंच चालू असेल तर निघा. हा नियम ज्यांच्या दारात डांबरी रस्ता आहे आणि दवाखाना दहा मिनिटांवर आहे त्यांच्यासाठी चांगला आहे. तुझ्यासाठी नाही. तुझ्या कळा दहा-पंधरा मिनिटांनी नियमित यायला लागल्या आणि पडून, पाणी पिऊन थांबल्या नाहीत की गाडी बोलाव. आभाळ भरून आलेलं असेल तर त्याच्याही आधी. पहिल्या खेपेला वेळ मिळतो, गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावरही पुढं बारा तासांपर्यंत लागू शकतात. पण नाल्याचा वेळ तुझ्या हातात नाही.

परत पाठवण्याचं आईचं भय मला ठाऊक आहे. आईला सांग, मी नोकरीत असताना खोट्या कळा घेऊन आलेल्या बाईला तपासून, बाळाचे ठोके ऐकून परत पाठवलं की मला बरं वाटायचं. तिचा बीपी बघून व्हायचा, पाणी गेलं की नाही ते कळायचं. यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही रपट्यापलीकडून येता हे तिथं स्पष्ट सांगा, म्हणजे ठेवूनही घेतात.

एरंडेल घेऊ नको. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, थकवा येतो, आणि खऱ्या कळा सुरू होतील तेव्हा जोर लावायला ताकद राहत नाही. काकूंची माया खरी आहे, बाटली परत दे.

आणि एक. गावात कोणी "कळा वाढवायची सुई" घरी येऊन टोचून देतो म्हणाला तर दारातून आत घेऊ नका. ते औषध दवाखान्यात सलाईनमधून थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके ऐकत ऐकत. घरी एकदम टोचलं तर कळ सुटतच नाही, बाळाचा श्वास कोंडतो, गर्भपिशवी फाटू शकते.

यातलं काहीही झालं तर कळांची वाट बघायची नाही: बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फार दुखतं, डोळ्यापुढं अंधारी येते, चेहऱ्यावर सूज आली किंवा छातीखाली पोटात दुखतं, ताप, झटका. "दिवस भरले की बाळ कमी हलतं" हे मी हजार वेळा ऐकलं आहे आणि ते खोटं आहे. जागा कमी होते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, हालचाल थांबत नाही. जेवून डाव्या कुशीवर पड, हात पोटावर ठेव. दोन तासांत दहा वेळा जाणवलं पाहिजे.

वणीकर

सिस्टरांनी सगळं सांगितलं, मी फक्त गाडीचं बोलतो, कारण आमच्या घरी बायकोच्या वेळी ते काम माझ्याकडं होतं.

102 गरोदर बायांसाठी आहे, 108 तातडीची. दोन्ही मोफत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरून नेणं आणि परत आणून सोडणं हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर हे नाव घ्या. आशाताईंचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका, त्या गाडी लवकर मिळवून देतात आणि सोबतही येतात.

पण अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली असू शकते. म्हणून गावातल्या दोन गाडीवाल्यांना आधीच विचारून ठेवा, रात्री दोनला फोन केला तर उचलाल का. एकाची बोलेरो होती, एकाची जुनी काळीपिवळी. बोलेरोवाल्याला मी तेलाचे पैसे आधीच देऊन ठेवले होते, कारण ऐन रात्री पंप बंद अन् टाकी रिकामी असं व्हायला नको. माता व बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सोनोग्राफीचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत. बायकोच्या गटाचं रक्त असलेला एक माणूस तयार ठेवला होता, माझा साळा.

रपटा असेल तर मी तुमच्या जागी शेवटचे दिवस नाल्याच्या अलीकडं राहिलोच नसतो. तालुक्याला कोणी नातेवाईक असेल तर आत्ताच जा.

घाटंजीची_लेक

सिस्टर, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. नाक-हनुवटी-कपाळ तिला इतकं पटलं की लगेच हात ठेवून बघितला. आज तरी नाकच आहे. एरंडेल परत गेलं.

वणीकर दादा, घाटंजीला मामी राहते. बाबांशी बोलले, ते तयार आहेत.

अजून दोन विचारायचं आहे. माझं हिमोग्लोबिन 9.6 आलं होतं, आणि सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीत एएस लिहिलं आहे. यानं काही फरक पडतो का? आणि वाटेतच झालं तर काय करायचं, ही भीती मनातून जात नाही.

दारव्ह्याची_काकू

मी कोणाला दुखवायला लिहीत नाही. पण माझी पाची बाळंतपणं घरी दाईच्या हातून झाली, एकही टाका नाही. दाईचा हात पोटावरून फिरला की तिला सगळं समजायचं. आता पोरींना आधीच इतकं भिववून ठेवतात की कळ यायच्या आधीच अंगातलं बळ जातं. धीर द्या पोरीला.

निवृत्त_सिस्टर_यवतमाळ

काकू, तुमचं म्हणणं मी मान देऊन ऐकते. चांगल्या दाया मी पाहिल्या आहेत. बाळ आडवं आहे हे नुसत्या हातानं ओळखणारी एक म्हातारी आमच्या उपकेंद्राच्या गावात होती, आणि ती स्वतः बायांना घेऊन आमच्याकडं यायची. कंबर चोळणं, धीर देणं, "सोड श्वास, सोड" म्हणत हात धरून बसणं, हे तिच्याइतकं कोणाला जमत नव्हतं. दाई असेल तर तिला सोबत न्यावं असं माझं मत आहे.

पण घरच्या बाळंतपणात मला भीती वाटते ती बाळ झाल्यानंतरची. सगळे बाळाकडं बघत असतात आणि बाई खाली वाहत असते. वार पडल्यावर गर्भपिशवी आवळली नाही तर दोन तासांत बाई हातची जाते. आपल्या नाल्यापलीकडच्या गावातून दोन तासांत काय होतं सांगा. दवाखान्यात बाळ बाहेर आल्या आल्या, मिनिटभराच्या आत, आईच्या मांडीत दहा युनिट ऑक्सिटोसिन देतात म्हणजे पिशवी आवळते. वर मी ज्या सुईला दारातून आत घेऊ नका म्हटलं ना, तेच औषध हे. बाळ पोटात असताना घरी टोचलं तर जीव घेतं, बाळ झाल्यावर दिलं तर जीव वाचवतं. ज्या बाईचं काहीच बिघडलं नव्हतं तिलाही असं होतं, आधी ओळखता येत नाही. पाच बाळंतपणं सुखरूप झाली, तुमचं नशीब चांगलं आणि दाईचा हात चांगला. पण त्या भरवशावर हिला मी घरी ठेवणार नाही.

आणि पोरी, तुझ्या हिमोग्लोबिनचं उत्तर यातच आलं. 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 9.6 वर नेहमीसारखं बाळंतपण होतं, पण ज्याच्या अंगात आधीच कमी त्याला थोडं गेलेलंही सोसत नाही. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे, आणि ग्रामीण रुग्णालयात गेल्यावर हा आकडा स्वतःहून सांग.

एएस म्हणजे तू वाहक आहेस, आजारी नाहीस. बाळंतपणात सहसा त्रास होत नाही. नवऱ्याची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, तोही एएस असला तर बाळाची तपासणी करावी लागते. ज्यांचा एसएस आहे, म्हणजे ज्यांना सिकलसेलचा आजारच आहे, त्यांचं वेगळं. त्यांना शेवटच्या दिवसांत कंबर, मांड्या, हाडं दुखायला लागली की ती कळ आहे की सिकलसेलचं दुखणं हे घरी ओळखता येत नाही. त्यांनी यवतमाळचं मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असं मोठं ठिकाण आधीच ठरवून ठेवावं. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं. इतर वाचणाऱ्यांनीही आपलं कार्ड काढून बघा.

वाटेत. गाडीत पाठीवर उताणी झोपू नको, डाव्या कुशीवर. सोबत आई आणि अजून एक बाई. चार-पाच धुतलेली सुती कापडं, एक जाड चादर. लघवी वाटेत लागली तर थांबून करून घे, भरलेल्या मूत्राशयानं बाळाचं डोकं अडतं. थोडं थोडं पाणी, चहा, वरण-भात खाल्लेला चालतो, उपाशी राहायचं नाही. शी लागल्यासारखा खाली जोर यायला लागला आणि आवरेना, तर बाळ जवळ आलं. गाडी बाजूला घ्या, 108 ला फोन लावा. बाळाला ओढायचं नाही, येऊ द्यायचं, हात खाली धरायचा. आलं की कोरडं पुसायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, दोघांवर चादर. नाळ कापायची नाही, वार ओढायची नाही. तसंच दवाखान्यात. पहिल्या खेपेला इतकं भरभर क्वचितच होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायांनी मात्र हे लक्षात ठेवावं, त्यांना घरून निघायला उशीर परवडत नाही.

धारणीतून

मेळघाटकडच्यांसाठी जोड: आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. तारखेच्या काही दिवस आधी जाऊन राहता येतं, सोबत घरचं एक माणूस आणि लहान लेकरू चालतं. पावसाळ्यात आमच्याकडच्या बाया याच्यामुळंच वेळेत पोचतात. आशाताईंना विचारा.

घाटंजीची_लेक

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचाही राग नाही, कंबर चोळायला आमच्या गावातल्या दाईआजी मामीकडं यायला तयार झाल्या. आज पाऊस उघडा आहे, दुपारी निघतो. कळा मोजायची वही आईनं घेतली.

पुसदची_सून

सिस्टर, माझं पहिलं सिझर आहे, दुसरी वेळ, 36 वा आठवडा. मीही दहा-पंधरा मिनिटांच्या कळांची वाट बघायची का?

निवृत्त_सिस्टर_यवतमाळ

नाही. तुला तो हिशेब लागू नाही. आधीच्या टाक्यावर कळांचा ताण येतो, म्हणून पहिली नियमित कळ जाणवली की निघायचं, मोजत बसायचं नाही. तुला अजून 37 पूर्ण नाहीत, त्यामुळं आत्ता कळा आल्या तरी लगेच जा. टाक्याच्या जागी कळांच्या मधल्या वेळातही सतत दुखत राहिलं, किंवा रक्त दिसलं, तर त्याच क्षणी. आणि जिथं सिझर होतं, भूल देणारे डॉक्टर असतात अशाच ठिकाणी नाव घाल. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ती सोय नसते. पहिल्या सिझरचे कागद घेऊन या आठवड्यातच पुसदला दाखव, आणि डॉक्टरांना विचारून तारीख लिहून घे.